सांता फेचं इंडियन मार्केट आणि फोक आर्ट मार्केट: एका शब्दाने घातलेला घोळ

मावशी नाशिकहून आमच्याकडे अल्बुकर्कीला आली होती तेव्हाची गोष्ट. "येत्या शनिवारी सांता फेला इंडियन मार्केट आहे, जाऊ या," असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, "अगं, एवढ्या लांब येऊन पुन्हा इंडियन मार्केट कशाला? कढीपत्ता संपलाय का?"

तिचं काही चुकलं नव्हतं. अमेरिकेतल्या मराठी घरात 'इंडियन स्टोअर' म्हटलं की तूरडाळ, गोडा मसाला आणि फ्रीजरमधल्या पुरणपोळ्याच आठवतात. सांता फेत मात्र इंडियन म्हणजे इथले मूळ रहिवासी. आणि गंमत अशी, की याच गावात जुलैमध्ये दुसरा एक बाजार भरतो, इंटरनॅशनल फोक आर्ट मार्केट नावाचा. आपले इंडियन, म्हणजे कच्छहून आलेले अजरखवाले आणि बांधणीवाले, भेटतात ते तिथे! दोन्ही बाजार हस्तकलेचे, दोन्ही उन्हाळ्यात, दोन्हीकडे पांढरे तंबू, कापड, दागिने, मातीची भांडी. त्यामुळे टेक्सास-कॅलिफोर्नियाहून येणारी मित्रमंडळी एकाची तारीख बघून दुसऱ्याची अपेक्षा घेऊन दारात उभी राहतात. दर वर्षी फोनवर तेच तेच समजावण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

आधी गावाबद्दल दोन शब्द. सांता फे ही न्यू मेक्सिको राज्याची राजधानी, स्पॅनिश लोकांनी १६१०च्या सुमारास वसवलेली. उंची सुमारे २,१०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा कितीतरी वर, पण हवा कोरडी ठणठणीत. वस्ती लाखाच्या आत. जुन्या गावातली सगळी घरं मातीच्या रंगाची, कारण १९५७पासून तसा नियमच आहे. बऱ्याच ठिकाणी आत लाकडी सांगाडा आणि वरून नुसता मातकट गिलावा असतो, ते सोडा. मावशी म्हणाली, "सगळं गाव नुकतंच सारवल्यासारखं दिसतंय," आणि मला त्याहून बरं वर्णन अजून सुचलेलं नाही. २००५ साली युनेस्कोच्या 'क्रिएटिव्ह सिटी'च्या यादीत अमेरिकेतलं पहिलं शहर म्हणून या गावाचा समावेश झाला, तो हस्तकला आणि लोककलेसाठी.

आता इंडियन मार्केट. ऑगस्टच्या तिसऱ्या वीकेंडला जुन्या गावातल्या चौकात, म्हणजे प्लाझावर आणि भोवतालच्या गल्ल्यांमध्ये हा बाजार भरतो. हजाराच्या आसपास कलाकार, शेकडो जमातींमधले. सुरुवात १९२२ची. तेव्हा तो सांता फे फिएस्टा या उत्सवाचाच एक भाग होता. यातला विरोधाभास लक्षात घ्या: १६८०मध्ये पुएब्लो या इथल्या मूळ रहिवाशांनी उठाव करून स्पॅनिश सत्तेला इथून हाकललं, बारा वर्षांनी स्पॅनिश परत आले, आणि फिएस्टा ही त्या परत येण्याची आठवण. त्याच मांडवात पुएब्लो कुंभारांची भांडी मांडली गेली! सुरुवातीला निवड, बक्षिसं, 'खरं इंडियन' काय आणि काय नाही, या सगळ्यावर म्युझियममधल्या गोऱ्या मंडळींचं वजन होतं. १९३०च्या दशकात मारिया शॅबो या कार्यकर्तीच्या पुढाकाराने कलाकार प्लाझालगतच्या गव्हर्नर पॅलेस या जुन्या वाड्याच्या ओसरीत स्वतः बसून स्वतःचा माल विकू लागले, आणि आजच्या बाजाराचा खरा साचा तिथे पडला. सध्या तो 'स्वाया' ही संस्था चालवते.

एक सूचना इथेच देते. आपल्याकडे अजून सर्रास 'रेड इंडियन' म्हणतात. इथे तो शब्द तोंडातून काढू नका. 'नेटिव्ह' चालतं, पण सगळ्यात उत्तम म्हणजे जमातीचं नाव घ्यायचं: नवाहो (ते स्वतःला दिने म्हणतात), होपी, अपाची. पुएब्लो ही तर एक जमात नव्हेच. न्यू मेक्सिकोत १९ पुएब्लो, म्हणजे त्यांची गावं, आहेत, प्रत्येकाचा कारभार वेगळा आणि भाषाही सगळ्यांची एक नाही. झुनी त्यांच्यातलेच. देशभरात सरकारमान्य जमाती पावणेसहाशेच्या आसपास. "तुम्ही इंडियन का?" हा प्रश्न म्हणजे आपल्याला कुणी "तुम्ही आशियाई का?" विचारण्यासारखा.

दोन बाजारांतला माझ्या मते मुख्य फरक देशांचा नाहीच. इंडियन मार्केटमध्ये पहिला प्रश्न असतो: *कोणी* केलं? फोक आर्ट मार्केटमध्ये पहिला प्रश्न असतो: *काय* केलं, कुठल्या परंपरेतलं? बाकीचे सगळे फरक यातून निघतात.

'कोणी' या प्रश्नामागे कायदा उभा आहे. इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्ट, १९९०. मान्यताप्राप्त जमातीचा सभासद किंवा जमातीने प्रमाणित केलेला कारागीर नसताना एखादी वस्तू 'इंडियन' म्हणून विकली, तर पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. फिलिपिन्समध्ये बनवून घेतलेले दागिने इथे अस्सल नेटिव्ह म्हणून विकल्याबद्दल खटले झालेले आहेत, शिक्षाही झाल्या आहेत. आपल्याला ओळखीचं आहे ते जीआय, भौगोलिक मानांकन. पैठणी असो की कोल्हापुरी चप्पल, तिथे बघतात ती जागा आणि पद्धत. मागावर बसलेला माणूस कुठल्या कुळातला, हे जीआय विचारत नाही. हा कायदा नेमकं उलट करतो. जमातीच्या सभासदाने अगदी न्यूयॉर्कमध्ये बसून, प्लास्टिक वापरून काहीतरी भन्नाट केलं, तरी ते 'इंडियन'. आणि सांता फेतच जन्मलेल्या गोऱ्या सोनाराने हुबेहूब नवाहो पद्धतीचं कडं घडवलं, तरी ते नाही.

म्हणूनच इंडियन मार्केटमध्ये परंपरा बघायला गेलेल्या माणसाला धक्का बसतो. अगदी आजच्या फॅशनचे कपडे, स्केटबोर्डवरची चित्रं, राजकीय टोमणे मारणारी शिल्पं, सगळं तिथे आहे. गावातच १९६२पासून इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकन इंडियन आर्ट्स ही कलाशाळा आहे, तिथून शिकून निघालेली मंडळी कुणाच्या अपेक्षेप्रमाणे पिसं लावून बसायला तयार नाहीत. आणि जे 'पारंपरिक' वाटतं तेही दर वेळी पुरातन नसतंच. तोंड उघडून गोष्ट सांगणारी, अंगाखांद्यावर पोरं बसलेली मातीची बाहुली, 'स्टोरीटेलर', आता सगळीकडे दिसते. ती १९६४मध्ये कोचिती पुएब्लोच्या हेलन कॉर्डेरो यांनी पहिल्यांदा केली. आपल्या आजोबांची आठवण म्हणून.

काळ्यावर काळी नक्षी असलेली ती प्रसिद्ध भांडीही अशीच. सांता फेपासून गाडीने अर्ध्या तासावर सॅन इल्डेफॉन्सो पुएब्लो आहे. तिथल्या मारिया मार्टिनेझ आणि त्यांचे पती ज्युलियन यांनी १९१९च्या सुमारास ही पद्धत बसवली. चाक नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडं उभं करायचं, मग खरवडून पातळ करायचं, वर पातळ मातीचा लेप द्यायचा आणि गुळगुळीत गोट्याने तासन्‌तास घोटायचं. हे गोटे आईकडून मुलीकडे येतात, दागिन्यासारखे. घोटून आरशासारखं झालेल्या अंगावर पुन्हा मातीच्याच पाण्याने नक्षी काढायची. तेवढा भाग चमकत नाही, बाकीचा चमकतो. यानंतर भट्टी, तीही उघड्यावर: खाली लाकूड, भोवती पत्रे, वरून शेणाच्या गोवऱ्या. आग ऐन भरात आली की तिच्यावर घोड्याच्या लिदीचा बारीक भुगा ओतून ती कोंडायची. धूर आतच अडकतो, काजळी मातीत शिरते आणि लाल व्हायचं ते भांडं काळं कुळकुळीत होऊन बाहेर येतं. मावशी हे सगळं एका स्टॉलवर उभी राहून ऐकत होती. मी भाषांतर करत होते आणि 'लीद' शब्द आठवेना. तिने तो पटकन पुरवला, वर त्या बाईंना हातवारे करून गोवरी कशी थापतात तेही दाखवलं. त्या खळखळून हसल्या.

मग मावशीने ओंजळीत मावेल एवढं एक लहानसं भांडं घेतलं. किंमत मी इथे लिहीत नाही, नाशिकला कळायला नको.

पुढे फोक आर्ट मार्केट. हे पोरगेलं म्हणायचं, २००४ सालचं. जुलैच्या साधारण दुसऱ्या वीकेंडला भरतं. आधी जुन्या गावाबाहेरच्या म्युझियम हिलवर, लोककलेच्या म्युझियमसमोर असायचं, २०२३पासून रेलयार्ड पार्कमध्ये. पन्नासेक देशांतले दीडशेच्या आसपास कारागीर येतात. कुणी उझबेकिस्तानचं इकत आणतं, कुणी पेरूची विणलेली शाल, कुणी आफ्रिकेतल्या टोपल्या. अनेकजण एकटे नसतात, गावातल्या गटाच्या किंवा बायकांच्या सहकारी संस्थेच्या वतीने आलेले असतात. एका तंबूत विकलेल्या मालाचा पैसा मागे गावात पुष्कळ घरांत वाटला जातो. इथे नाव कारागिराचं असतंच, पण भाव खातं ते काम आणि त्यामागचं गाव.

आपल्या लोकांसाठी इथली मजा वेगळी आहे. बऱ्याच स्टॉलवर दुभाषी स्वयंसेवक लागतो. कच्छच्या तंबूत तुम्ही सरळ हिंदीत सुरू होता, आणि समोरच्या दोन दिवस इंग्रजीशी झटापट करून दमलेल्या माणसाचा चेहरा उजळतो. मी गेले तेव्हा बांधणीवाल्या भाईंनी एक न सोडलेली ओढणी काढली, अजून गाठींसकट, सुरकुतून लहान टॉवेलएवढी झालेली. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि तिरपा झटका दिला. तडतड आवाज करत दोरे उडाले आणि लाल कापडावर बाजरीच्या दाण्याएवढे ठिपके ओळीने उघडत गेले. भोवती उभ्या अमेरिकन बायकांनी टाळ्या वाजवल्या. हे भुजमध्ये रोज होत असेल. वाळवंटातून वाळवंटात आलं की त्याचा खेळ होतो.

भुजपेक्षा दर अर्थातच चढे. "हीच तिकडे एवढ्याला मिळते" हा हिशेब प्रत्येक देशी माणूस मनात करतो, मीही केला. विमान, व्हिसा, मालाची ने-आण हे सगळं त्यात धरा. ते जमत नसेल तर निदान तो हिशेब मोठ्याने करू नका.

व्यवहाराचं थोडं. फोक आर्ट मार्केटला तिकीट लागतं, ते आधी ऑनलाइन काढून ठेवा. इंडियन मार्केट रस्त्यावरचं, नुसतं चालत आत शिरायचं. मात्र बक्षीस मिळालेल्या कलाकारांचा माल शनिवारी सकाळीच उडतो, पूर्वी तर संग्राहक आदल्या रात्रीपासून स्टॉलसमोर नंबर लावून बसायचे. तुम्हाला नुसतं बघायचं असेल तर रविवार बरा, तेव्हा प्लाझावर पारंपरिक पोशाखांची स्पर्धा असते आणि त्यात अगदी तान्ही पोरंही मिरवतात. घासाघीस दोन्हीकडे नको. फोटो काढण्याआधी विचारा. चांदी-पिरोजा घेताना दागिन्याच्या मागचा ठसा बघा आणि पावतीवर कलाकाराचं नाव, जमात, खडा नैसर्गिक की राळेने पक्का केलेला, हे लिहून मागा. खरा कलाकार यावर चिडत नाही, उलट कुठल्या खाणीतला ते सांगत बसतो.

आणि छत्री! वाळवंटात छत्री म्हटल्यावर मावशी माझ्याकडे बघतच राहिली. पण इथे जुलै-ऑगस्टमधल्या दुपारच्या वादळी सरींना लोक चक्क 'मान्सून' म्हणतात, आणि दोन्ही बाजार ऐन त्यात सापडतात. तीनच्या सुमाराला डोंगरावर ढग जमले की स्टॉलवाले बोलता बोलता ताडपत्र्या ओढायला लागतात. वीस मिनिटं धो धो, मग पुन्हा ऊन.

अल्बुकर्कीहून येणाऱ्यांनी गाडी न काढता रेल रनर ही लोकल पकडावी. तिची दारं बंद होताना कार्टूनमधल्या रोडरनरसारखा 'मीप मीप' आवाज होतो. ती सांता फेच्या रेलयार्डलाच थांबते, म्हणजे फोक आर्ट मार्केट उतरल्या उतरल्या समोर. इंडियन मार्केटसाठी तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत प्लाझावर. जुलैच्या शेवटी त्याच प्लाझावर स्पॅनिश मार्केट म्हणून तिसरंच काही भरत आलंय, लाकडी संतमूर्ती आणि नक्षीदार पत्र्याचं काम. ते या घोळात आणखी मिसळायला नको.

दोन्ही तारखा चुकल्या तर गव्हर्नर पॅलेसची ओसरी आहेच. वर्षभर रोज नेटिव्ह कारागीर तिथे भिंतीला टेकून, जमिनीवर चादर अंथरून बसतात. जागेपेक्षा माणसं जास्त आली तर सकाळी चिठ्ठ्या टाकून जागा ठरते. माल स्वतःचा किंवा घरच्यांनी केलेला असावा लागतो, आणि त्यावर करणाऱ्याची खूण हवीच.

मावशीचं भांडं आता नाशिकला शोकेसमध्ये आहे. कमी आचेवर भाजलेलं असल्याने त्यात पाणी ठेवायचं नसतं, घोटलेली चमक जाते, हे त्या बाईंनी तिला तीनदा बजावलं होतं. मावशीने एका कागदावर ठळक अक्षरात 'पाणी घालू नये' लिहून तो घडी करून भांड्यातच टाकून ठेवला आहे. घरकामाला येणाऱ्या ताईंनी तो केर समजून दोनदा फेकून दिला, मावशीने दोनदा पुन्हा लिहिला.