‘काय भाव से?’ : मोल, दाम, किंमत आणि मूल्य या शब्दांची पार्श्वभूमी

दिवाळी झाली की खान्देशात दोन माणसं रस्त्यात भेटली तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो : “काय भाव से?” कशाचा, ते सांगावं लागत नाही. कापसाचाच.

मागच्या हंगामात काकांच्या ओसरीवर खेडा खरेदीचा व्यापारी आला होता. ढिगात कोपरापर्यंत हात घालून त्याने आतला मूठभर कापूस काढला, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून धागा ताणून पाहिला, एक सरकी दाताखाली फोडली आणि मग आकडा सांगितला. काका गप्प राहिले. काकू मात्र आतूनच बोलली, “येचनीनं मोल बी निंघत नई.” व्यापारी ज्याला भाव म्हणत होता ती एक गोष्ट, आणि काकू ज्याला मोल म्हणत होती ती दुसरी. कोशात हे दोन्ही शब्द एकमेकांचे समानार्थी म्हणून दिलेले असतात. ओसरीवर ते समोरासमोर उभे होते.

मोल हा मूल्याचाच प्राकृतातून घासून आलेला धाकटा भाऊ. संस्कृतात मूल्य म्हणजे किंमत आणि मूल्य म्हणजे मजुरीही. मराठीतल्या मूल्याने मजुरीचा अर्थ टाकून दिला, मोलाने तो जपला. मोलमजुरी, मोलकरीण, मोलाने कामाला जाणे हे शब्द त्यातूनच आले. काकूने वेचणीच्या मजुरीला मोल म्हटलं तेव्हा ती दोन हजार वर्षांपूर्वीचा अर्थ जसाच्या तसा वापरत होती.

मूल्याच्या पोटात मूळ आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायी या संस्कृत व्याकरणात हा शब्द दोन ठिकाणी साधलेला आहे. एका सूत्रात मूल्य म्हणजे मुळाच्या, म्हणजे घातलेल्या भांडवलाच्या, तोडीचं ते. हा आपल्या ओळखीचा अर्थ. त्याच्या थोडं आधीच्या सूत्रातला अर्थ मात्र थेट शेतातला आहे : जे मुळासकट उपटावं लागतं ते मूल्य. अष्टाध्यायीवरच्या काशिकावृत्ती या टीकाग्रंथाने उदाहरणं दिली आहेत उडीद आणि मुगाची. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला. आमच्याकडे मूग-उडीद शेंगा वाळल्यावर अजूनही मुळासकट उपटतात. ओल असेल तर झाड अलगद येतं, माती कडक झाली असेल तर तळहात सोलून निघतात. या अर्थाने मुगाचं पीक हेच ‘मूल्य’. आज हा अर्थ कुणाच्या बोलण्यात नाही, पण उपटणारे हात आहेत.

अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात किंमतीसाठी आणखी दोन शब्द सापडतात : वस्न आणि अर्घ. वस्न मराठीत उरला नाही. अर्घाबद्दल अमरकोश सांगतो की तो किंमतीच्या अर्थी आहे आणि पूजाविधीच्या अर्थीही. म्हणजे सूर्याला आपण देतो ते अर्घ्य आणि बाजारातला भाव, दोन्ही एकाच घरचे. महार्घ, म्हणजे मोठ्या किंमतीचं, याचंच प्राकृतातून ‘महाग’ झालं. देवापुढे ओंजळीतून सुटणारं पाणी आणि तूरडाळीची महागाई यांचं हे नातं आता कुणाच्या ध्यानातही येत नाही.

खान्देशाचा स्वतःचा पुरावा आहे चाळीसगावजवळच्या पाटणला. शके 1128 चा तिथला शिलालेख प्रसिद्ध आहे तो भास्कराचार्यांमुळे. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्याने त्याला देणगी दिली, असं त्यात कोरलेलं आहे. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण देणगी कशातून यायची हे सांगायची वेळ आली की भाषा मराठी होते. पाटणच्या बाजारात जो माल उघडेल, त्यावरचं देणं मठाला. मालाला शब्द आहे ‘केणें’, विकत घेणारा तो ‘ग्राहक’ आणि नाणं ‘दाम’. हिशोबाची गोष्ट लोकांना कळेल अशा बोलीत लिहायची, हे तेव्हाही त्यांना सुचलं होतं. सातबाऱ्यापासून पीकविम्यापर्यंतचे कागद आज वाचताना त्या मठाची आठवण येते.

‘दाम’ त्याहून लांबून आलेला आहे. ग्रीकांचं द्राख्मे नाणं, त्यावरून संस्कृतात द्रम्म, त्याचा प्राकृतातून दाम. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथाच्या सुरुवातीलाच कोष्टक आहे : 20 वराटक म्हणजे कवड्यांची एक काकिणी, 4 काकिणींचा एक पण, 16 पणांचा एक द्रम्म. एका द्रम्मात 1,280 कवड्या. मातीमोल, कवडीमोल हे शब्द आपण रागाने वापरतो, पण कवडी हे एके काळी खरोखर मोजायचं चलन होतं. केळीला कवडीमोल भाव मिळाला असं रावेर-यावलचा शेतकरी म्हणतो, ते या कोष्टकातल्या पहिल्या पायरीचं नाव आहे.

लीलावतीत अदलाबदलीचंही एक सुंदर उदाहरण आहे. एका द्रम्माला 300 आंबे आणि एका पणाला 30 डाळिंबं, तर 10 आंब्यांच्या बदल्यात डाळिंबं किती? उत्तर येतं 16. आंबा आणि डाळिंब यांना एकाच मापाने तोलायचं तर मध्ये तिसरं काही लागतं. ते तिसरं म्हणजे मूल्य, आणि एवढ्या स्वच्छपणे ते समजावलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

पुढे थाळनेर-बऱ्हाणपूरची फारुकी राजवट आली. 1382 ते 1601 अशी दोन शतकांहून जास्त ती टिकली, आणि 1601 मध्ये असीरगड पडल्यावर खान्देश अकबराकडे गेला. दफ्तराची भाषा फारसी असल्यामुळे तिच्यातून आलेले अरबी-फारसी शब्द इथल्या तोंडी चांगलेच रुळले. किंमत हा अरबी शब्द. त्याच्या धातूचा अर्थ उभं राहणं, आणि कायम, मुक्काम हे त्याचे सख्खे नातेवाईक. कदर आली मापण्याच्या अर्थाच्या धातूवरून, जिथून तकदीरही येते. भाव मात्र संस्कृत ‘भू’चा : असणं, होणं. मला या दोन शब्दांतला फरक नेहमी जाणवतो. भाव घडीघडीला होतो, चढतो, पडतो, फुटतो. किंमत एकदा ठरली की कागदावर उभी राहते. व्युत्पत्तीच्या आधारे असं म्हणणं पंडितांना पटेल की नाही, ते सोडा. माल विकून हिशोबाची पट्टी हातात घेणाऱ्याला ते पटतं.

इंग्रजी अमदानीत जमीन आणि पीक दोन्ही आण्यांत मोजले जाऊ लागले. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक. आण्यांचे पैसे झाले तेव्हा आणेवारीची पैसेवारी झाली. आजही गावाची पैसेवारी 50 पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलतींचा मार्ग उघडतो, म्हणून दुष्काळी वर्षी तो आकडा घरोघरी विचारला जातो. पिकाला रुपयाचा भाग समजून मोजायचं, हे किंमतीचं आणखी एक रूप.

शाळेत गेलो की सगळं वेगळंच. गणितात ‘x ची किंमत काढा’, ‘स्थानिक किंमत’, ‘दर्शनी किंमत’. नागरिकशास्त्रात मात्र मूल्ये, तीही अनेकवचनी. नीतीच्या अर्थाने मूल्य हा शब्द आपल्याकडे नवा आहे. युरोपातही अर्थशास्त्रातला हा शब्द नीतीच्या चर्चेत स्थिरावला तो एकोणिसाव्या शतकात, आणि आपण तो व्हॅल्यूवरून घेतला. ज्या लॅटिन धातूपासून व्हॅल्यू येतो त्याचा अर्थ बळकट असणं. रसायनातला व्हॅलन्सी त्याच धातूचा, पण मराठीत त्याची संयुजा झाली आणि नातं तुटलं. आमच्या आजीकडे यासाठी सचोटी, शील, इमान असे शब्द होते. ते तिने कधी अनेकवचनात वापरले नाहीत.

1965 साली केंद्राने कृषी मूल्य आयोग नेमला. नावात मूल्य, जाहीर होते ती किमान आधारभूत किंमत, आणि गावात तिला म्हणतात हमीभाव. तीन शब्द, तीन ठिकाणी. राज्याची कापूस एकाधिकार खरेदी 1972 च्या हंगामात सुरू झाली तेव्हाही लोक ‘हमीचा भाव’च म्हणत. नंतर शेतकरी संघटनेने घोषणा दिली ती मात्र ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ अशी. भाव दुसरा ठरवतो, दाम आपण मागून घेतो.

2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला 8,110 रुपये आणि मध्यम धाग्याची 7,710 रुपये. ओलावा 8 टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण, 12 पर्यंत कपात, त्याहून जास्त असेल तर माल परत. ओसरीवरच्या व्यापाऱ्याकडे ओलावा मोजायचं यंत्र नव्हतं. त्याने दातांनी सरकी फोडली होती, आणि काका त्याच्या तोंडाकडे बघत उभे होते.