पेसमेकर असताना एमआरआय: पात्रता, कागदपत्रं आणि त्या दिवशीची प्रक्रिया

एमआरआयच्या फॉर्मवर ‘पेसमेकर आहे का?’ यापुढे ‘हो’ लिहिलं की पूर्वी विषय तिथेच संपायचा. 2011 मध्ये अमेरिकेत पहिल्या ‘एमआरआय-कंडिशनल’ पेसमेकरला मंजुरी मिळाली आणि चित्र बदललं. कंडिशनल म्हणजे मात्र अटी पाळल्या तरच सुरक्षित.

घोळ होतो तो बहुतेक वेळा लीडवरून. लोक छातीतल्या डबीचं मॉडेल सांगतात आणि हृदयात गेलेल्या वायरी, म्हणजेच लीड, विसरतात. बॅटरी संपल्यावर डबी नवी बसते, लीड पुष्कळदा जुन्याच राहतात. परवानगी डबी आणि लीड या जोडीला असते, एकट्या डबीला नाही. जुनी, न वापरलेली लीड आत सोडलेली असेल किंवा लीड तुटलेली असेल, तर कंडिशनलचा शिक्का गळून पडतो. मग धोका आणि गरज तोलून हृदयतज्ज्ञ ठरवतात. दार कायमचं बंदच होतं असं नाही. यंत्र नुकतंच बसवलेलं असेल तर साधारण सहा आठवडे थांबायला सांगतात.

म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच पेसमेकर कार्ड (लीडचे मॉडेल नंबर त्यावर नसतील तर शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज कागद), शेवटच्या पेसमेकर चेकचा रिपोर्ट आणि कोणत्या भागाचा एमआरआय कशासाठी हवा हे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी द्या. आत राहिलेली जुनी लीड दिसावी म्हणून छातीचा एक्स-रेही मागतात. एमआरआय मशीन 1.5 टेस्लाचं की 3 टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक), हे तुम्हीही विचारा. काही पेसमेकरना फक्त 1.5 चालतं. संमतीपत्र तिथेच भरून घेतात.

त्या दिवशी तंत्रज्ञ छातीवर प्रोग्रॅमरचं (बाहेरून पेसमेकरची सेटिंग बदलणाऱ्या उपकरणाचं) हेड ठेवून बॅटरी आणि लीड तपासतो, मग एमआरआय मोड लावतो. याची गरज का? मशीनमधल्या विद्युतचुंबकीय गोंगाटाला पेसमेकर हृदयाचे ठोके समजला, तर ‘हृदय चालू आहे’ म्हणून तो गप्प बसेल. ज्याचे ठोके पेसमेकरवरच अवलंबून आहेत, त्याच्या बाबतीत हे परवडणारं नाही. म्हणून अशा रुग्णाचं यंत्र काही न ऐकता ठरावीक गतीनं ठोके देत राहील असं लावतात. बाकीच्यांचं पेसिंग तेवढ्यापुरतं बंदही ठेवता येतं. शॉक देणारं यंत्र (आयसीडी) असेल तर शॉक बंद करतात, आणि म्हणूनच बाहेरून शॉक देणारं उपकरण (डिफिब्रिलेटर) हाताशी असावं लागतं. स्कॅनभर ईसीजी आणि बोटाला लावलेला ऑक्सिमीटर यांवर कुणाची तरी नजर हवीच. छातीत गरम वाटलं, चक्कर आली, तर तंत्रज्ञाला बोलावण्यासाठी हातात दिलेला रबरी बल्ब लगेच दाबा. भिडस्तपणा इथे नको.

स्कॅन झाला की घरी जायची घाई होते, पण काम अर्धंच झालेलं असतं. यंत्र पुन्हा तपासून जुनी सेटिंग परत लावायची असते. आयसीडीचे शॉक बंदच राहिले, तर गरज पडेल तेव्हा यंत्र काहीच करणार नाही. ‘सेटिंग पूर्ववत केली’ असं लिहिलेली प्रिंट हातात पडल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.