द्विपॅनेल फाइल मॅनेजर

द्विपॅनेल फाइल मॅनेजर : पडद्यावर शेजारीशेजारी दोन फोल्डर उघडे ठेवून, माऊसला हात न लावता, फाइली एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवण्याची सोय देणारा प्रोग्रॅम. पडद्याच्या डाव्या-उजव्या भागांना पॅनेल म्हणतात. उजळ पट्टा ज्या पॅनेलमध्ये असेल ते ‘कुठून’, आणि दुसरे आपोआप ‘कुठे’. टॅब दाबला की दोन्ही भूमिकांची अदलाबदल होते. १९८६ सालचा नॉर्टन कमांडर हा या प्रकाराचा आद्य नमुना. विंडोजवर टोटल कमांडर आणि फार मॅनेजर, लिनक्सवर मिडनाइट कमांडर आणि क्रुसेडर, दोन्हीकडे चालणारा डबल कमांडर ही त्याचीच वंशावळ. या सगळ्या घराण्याला ऑर्थोडॉक्स फाइल मॅनेजर असे नाव पडले आहे. चाळीस वर्षांत कळांची मांडणी जवळपास तशीच राहिली, म्हणून ते शोभतेही.

या प्रोग्रॅमांच्या वेगाचे श्रेय सहसा शॉर्टकटना दिले जाते. माझ्या मते त्याचे मोठे कारण म्हणजे फाइल जिथे जायची ते ठिकाण आधीपासून डोळ्यांसमोर असते. नेहमीच्या कट-पेस्टमध्ये कंट्रोल-एक्स दाबले की आपण फाइल जणू हातात धरून तिच्यासाठी जागा शोधत फोल्डरांतून हिंडतो. तेवढ्यात फोन आला, कुणाचा तरी नंबर कॉपी केला, की आधीचे कट विरले. परत मूळ फोल्डरात जा, फाइल शोधा, पुन्हा सुरुवात. दोन पॅनेल असले की हे अधांतरी लटकणे उरत नाही.

पार्श्वभूमी : १९८३ साली आयबीएमचा पीसी एक्सटी १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह आला आणि त्याच वर्षीच्या एमएस-डॉस २.० या, आज्ञा टाइप करून चालणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीमध्ये फोल्डरात फोल्डर करण्याची सोय झाली. फ्लॉपीवर मोजक्या फाइली असत, त्यांची संख्या आता शेकड्यांत गेली. पण फाइल हलवायची आज्ञा डॉसमध्ये नव्हतीच. आधी कॉपी करायची, मग मूळ फाइल डिलीट करायची, आणि दोन्ही वेळा फोल्डरचा लांबलचक पत्ता अक्षर न चुकता टाइप करायचा. दुसऱ्या ओळीत चूक झाली तर भलतीच फाइल जायची. खेदाची गोष्ट अशी, की त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरात फाइल नेण्याची क्षमता डॉस २.० च्या पोटात होती, प्रोग्रॅमरला ती वापरता येत होती. सामान्य माणसाच्या हाती ‘मूव्ह’ ही आज्ञा आली ती १९९३ मध्ये, डॉस ६.० बरोबर. मधली दहा वर्षे ही उणीव इतरांच्या प्रोग्रॅमांनी भरून काढली. १९८५ साली आलेल्या एक्सट्रीने फोल्डरांचे झाड पडद्यावर दाखवले. जॉन सोचा यांनी कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना, १९८४ पासून, स्वतःच्या सोयीसाठी जे लिहायला घेतले ते पीटर नॉर्टन यांच्या कंपनीने १९८६ मध्ये नॉर्टन कमांडर या नावाने बाजारात आणले. १९९० मध्ये सिमँटेकने ती कंपनी विकत घेतली. डॉसवरची शेवटची आवृत्ती, ५.५१, १९९८ सालची.

निळ्या पार्श्वभूमीवर दोन चौकटी, खाली आज्ञा टाइप करायची ओळ आणि सर्वांत खाली एफ१ ते एफ१० या कळांचे दहा आकडे. एफ३ पाहा, एफ४ दुरुस्त करा, एफ५ कॉपी, एफ६ हलवा, एफ७ नवे फोल्डर, एफ८ डिलीट. कोणती कळ काय करते हे पडद्यावरच लिहिलेले असल्यामुळे पाठांतराची गरज नव्हती. कंट्रोल-ओ दाबले की दोन्ही पॅनेल नाटकाच्या पडद्यासारखी बाजूला होत आणि मागचे डॉस दिसे.

कामाचा क्रम : डॉसच्या आज्ञेत क्रियापद आधी येते, म्हणजे ‘कॉपी’, मग काय, मग कुठे. पहिला शब्द टाइप करतानाच पुढचे सगळे डोक्यात तयार हवे. द्विपॅनेल मॅनेजरमध्ये क्रम उलटा आहे. आधी फाइली निवडायच्या, ठिकाण समोर असतेच, क्रियापद सर्वांत शेवटी. ‘हे फोटो तिकडे हलव’ या मराठी वाक्याचाच हा क्रम. शेवटची कळ दाबेपर्यंत काहीच घडलेले नसते, त्यामुळे निवड करताना मन मोकळे राहते.

लग्नाचे फोटो काढणाऱ्याचे काम घ्या. कार्डवर दीड-दोन हजार फोटो, हळदीपासून वरातीपर्यंत एकाच फोल्डरात. डाव्या पॅनेलमध्ये कार्ड, उजव्यात हार्ड डिस्कवरचे ‘कच्चे’ हे फोल्डर. नंबर पॅडवरची अधिक चिन्हाची कळ दाबली की छोटी चौकट येते. तिच्यात तारा, टिंब आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या) फाइलींचे एक्स्टेंशन टाइप करून एंटर दाबले की तेवढ्याच फाइली निवडल्या जातात आणि त्यांचा रंग बदलतो. आता एफ५, एफ६ नव्हे. कार्डवरून कधीही हलवू नये, कॉपीच करावी आणि कॉपी उघडून पाहिल्यावर कार्ड रिकामे करावे. मग दोन्ही पॅनेल हार्ड डिस्कवर आणायची. एफ७ दाबून ‘हळद’, ‘सीमांतपूजन’, ‘सप्तपदी’ अशी फोल्डरे करायची. डावीकडे सगळे फोटो, उजवीकडे ‘हळद’ उघडे. एफ३ ने फोटो पाहायचा, एस्केपने बाहेर यायचे, हवा असेल तर इन्सर्ट. इन्सर्ट दाबताच फाइलीवर खूण होते आणि पट्टा आपोआप एक ओळ खाली सरकतो, म्हणून सलग चाळीस फोटो निवडायचे तर तीच कळ चाळीसदा, माळ ओढल्यासारखी. पॅनेलच्या तळाशी किती फाइली निवडल्या आणि त्यांचा आकार किती हे लिहून येते. एफ६ दाबल्यावर ‘कुठे’चा पूर्ण पत्ता असलेली चौकट येते. तो वाचायचा आणि एंटर. चाळीस फोटो एका क्षणात उजवीकडे.

एका क्षणात का, हे समजून घेण्यासारखे आहे. नॉर्टन कमांडरच्या तळओळीत एफ६ पुढे ‘रेनमूव्ह’ असे जोडनाव होते, नाव बदलणे आणि हलवणे मिळून एक. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली तर तिच्यातला मजकूर जागचा हलतच नाही, तिची नोंद कोणत्या फोल्डरखाली आहे एवढेच बदलते. शेत जिथल्या तिथे राहते, फेरफार होतो फक्त सातबाऱ्यावर. म्हणून २ मेगाबाइटचा फोटो आणि २० गिगाबाइटचा व्हिडिओ सारख्याच वेळात जातात. ड्राइव्ह बदलला, म्हणजे पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या पार्टिशनवर न्यायचे असले, की मात्र हलवणे म्हणजे आधी पूर्ण कॉपी आणि मग मूळ फाइल डिलीट. तिथे कीबोर्ड कितीही चपळ असला तरी वेळ डिस्कचा लागतो.

कीबोर्डने किती वेळ वाचतो याचा अंदाज स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन न्यूवेल यांनी १९८० साली मांडलेल्या कळ-पातळीच्या हिशेबावरून बांधता येतो. त्यांनी कीबोर्डवरून माऊसवर हात नेण्याला सरासरी ०.४ सेकंद, माऊसने पडद्यावरचे लक्ष्य गाठण्याला १.१ सेकंद आणि सराईत टंकलेखकाच्या एका कळीला ०.२ सेकंद धरले होते. फाइल ओढून दुसऱ्या फोल्डरवर टाकायची तर हात जाणे-येणे आणि दोन लक्ष्ये मिळून ३ सेकंद. एफ६ आणि एंटर मिळून ०.४. यात फाइलीपर्यंत पोचण्याचा आणि विचाराचा वेळ धरलेला नाही. एकच फाइल हलवायची असेल तर हा फरक जाणवतही नाही. दिवसाला दोनशे फाइली मार्गी लावणाऱ्या डीटीपीवाल्याच्या मनगटाला तो नक्की जाणवतो.

वंशज : रशिया आणि पूर्व युरोपात हा प्रकार फार रुजला. युक्रेनच्या व्सेवोलोद वोल्कोव्ह यांनी असेंब्ली भाषेत लिहिलेला वोल्कोव्ह कमांडर फ्लॉपीच्या कोपऱ्यात मावत असे. रार ही फाइली आवळण्याची पद्धत ज्यांच्या नावावर आहे त्या युजीन रोशाल यांनी १९९६ मध्ये विंडोजसाठी फार मॅनेजर आणला. मिगेल दे इकाझा यांनी १९९४ मध्ये मिडनाइट कमांडर सुरू केला. दूरच्या सर्व्हरवर, जिथे आज्ञा टाइप करायचा नुसता टर्मिनल मिळतो, तिथे आजही अनेकांचा भरवसा त्याच्यावर आहे. त्यात एस्केप दाबून नंतर ५ किंवा ६ दाबले तरी एफ५, एफ६ चे काम होते. ज्या लॅपटॉपवर वरच्या रांगेतल्या कळा आवाज आणि उजेड कमीजास्त करण्याला दिलेल्या असतात, तिथे ही युक्ती कामी येते.

स्वित्झर्लंडच्या क्रिस्टियन गिस्लर यांचा प्रोग्रॅम १९९३ मध्ये विंडोज कमांडर म्हणून आला. ‘विंडोज’ या शब्दावर मायक्रोसॉफ्टने हरकत घेतल्यावर २००२ मध्ये तो टोटल कमांडर झाला. नेहमीच्या फोल्डरांची यादी कंट्रोल-डी वर उघडते, कंट्रोल-यू ने दोन्ही पॅनेलांची जागा बदलते, आणि कंट्रोल-एम वर एका वेळी शेकडो फाइलींची नावे बदलण्याचे साधन आहे. या घराण्यात शिकायला सुरुवात कुठून करावी असे कुणी विचारले, तर विंडोजवाल्याला मी हाच सांगेन.

शेजारची घराणी : व्हीआय या मजकूर दुरुस्त करण्याच्या जुन्या प्रोग्रॅमच्या वळणाने चालणारे रेंजर, व्हीआयएफएम, एनएनएन, एलएफ हे मॅनेजर साध्या अक्षरांवर चालतात. रेंजरमध्ये डीडी म्हणजे कट आणि पीपी म्हणजे पेस्ट. तिथे ठिकाण पुन्हा नजरेआड जाते, पण हात अक्षरांच्या कळांवरून उठत नाहीत. ईमॅक्स या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममधल्या डायर्ड या फाइल मॅनेजरमध्ये शेजारी दुसरे फोल्डर उघडे असेल तर तेच ठिकाण म्हणून सुचवले जावे, अशी सेटिंग करता येते. दोन पॅनेलची कल्पना तिथेही पोचली ती अशी. मॅकवरच्या क्विकसिल्व्हरने (२००३) तीन चौकटी मांडल्या : फाइल, क्रिया, ठिकाण. प्रत्येकीत नावाची दोन-चार अक्षरे टाइप केली की फोल्डर न उघडताच फाइल जाते. मॅकवरच्याच ॲल्फ्रेडमध्ये वेगवेगळ्या ठिकाणच्या फाइली एका टोपलीत गोळा करून एकदम हलवता येतात. ज्याला फोल्डरांची नावे पाठ आहेत त्याला हा मार्ग दोन पॅनेलांहून जलद पडतो. मॅकच्या फाइंडरमध्ये फाइल कट करता येत नाही अशी तक्रार ऐकू येते. तिथे कमांड-सी ने कॉपी करून ऑप्शन-कमांड-व्ही दाबायचे, की फाइल हलते.

देवनागरी नावांच्या अडचणी : इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड चालू असताना, रेंजरमध्ये पट्टा हलवणाऱ्या एच, जे, के, एल या कळांवर प, र, क, त उमटतात, त्यामुळे अक्षरांवर चालणारे रेंजरसारखे मॅनेजर जागीच थबकतात. एफ५, एफ६ ला भाषा नसते. मराठीत टाइप करता करता फाइली लावणाऱ्यांना म्हणूनच जुनी नॉर्टन मांडणी अधिक मानवते.

लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीने मांडलेल्या ड्राइव्हवर फाइलीचे नाव २५५ बाइटांपेक्षा लांब चालत नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दाला ३० बाइट लागतात. नावात एकूण ८५ चिन्हेच बसतात. विंडोजवर चाललेले लांब मराठी नाव तिथे नेताना फाइल अडते ती यामुळे.

सर्वांत चकवणारे अक्षर म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘सातबाऱ्या’ यांतला ऱ्य. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे ने येणारा ऱ हे एक स्वतंत्र चिन्ह आहे. काही साधने त्याऐवजी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशी रचना करतात. ऱ हा र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असा सुटा करूनही साठवला जाऊ शकतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ती तीन वेगळी नावे. ‘दुसऱ्या’ असलेल्या सगळ्या फाइली निवडायला सांगावे तर काही निवडल्या जातात, काही मागे राहतात. हलवतानाही एकाच फोल्डरात हुबेहूब नावाच्या दोन फाइली निमूट शेजारी बसतात, जुनीवर नवी लिहू का असा प्रश्न येतच नाही. अशा वेळी एफ६ आधी नावे बदलण्याच्या साधनाने सगळीकडे एकच ऱ करून घ्यावा, आणि पॅनेलच्या तळाशी लिहिलेली निवडलेल्या फाइलींची संख्या अपेक्षेइतकी भरते का ते पाहावे.