तुमचा लोगो पहिल्या फ्रेमपासून का पळत नाही

जाहिरातीचा पहिला ड्राफ्ट पाठवला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच गिऱ्हाईकांचा फोन येतो, "सुरुवातीला जरा अडकल्यागत वाटतंय हो, एकदम पळवा की." अडकलेलं नसतंय ते, आम्ही मुद्दाम तसं ठेवलेलं असतंय, त्याला ईझिंग म्हणतात, म्हणजे वस्तू निघताना नाहीतर थांबताना वेग हळूहळू बदलणं, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातोय.

उसाच्या सीझनला दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर कारखान्याकडं निघताना बघा. आधी इंजिनचा आवाज चढतो, मग मागचा हूक ताणतो, चाक इंचभर सरकतं, आणि मग कुठं गाडी वेग धरते. तोच ट्रॅक्टर उभ्या जागेवरनं एकदम भन्नाट सुटला तर ट्रॉलीत ऊस नाही, थर्माकोल भरलाय असं वाटेल. वस्तूचं वजन डोळ्याला कळतं ते निघतानाच्या या हालचालीवरनं.

आता हिशोब बघूया. टीव्हीसाठी आपल्याकडं सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 25 स्थिर चित्रं लागतात. समजा कुंद्याचा डबा एका सेकंदात 1000 पिक्सेल (स्क्रीनवरचे बारीक ठिपके) सरकवायचाय, तर ईझिंग न लावता सोडला की दर फ्रेमला 40 पिक्सेल, पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच, म्हणून निघताना हिसका बसतो. तेच वेग एकसारखा वाढवत नेला तर पहिल्या फ्रेमला फक्त 1.6 पिक्सेल, पाचव्या फ्रेमपर्यंत सगळे मिळून 40, आणि शेवटच्या एकट्या फ्रेमला 78 च्या वर. वेळ मात्र तोच, एकच सेकंद, तुमच्या जाहिरातीचा वेळ यात जादा जात नाही. फास्टच पाहिजे असेल तर 25 च्या जागी 15 फ्रेममध्ये बसवून देतो, पण सुरुवात कापून टाका असं सांगू नका, त्यानं काम बिघडतंय.

सगळीकडं हे लावत नाही बरं का. कॅरमची सोंगटी स्ट्रायकर लागला की लगेच पूर्ण वेगानं सुटते आणि नंतर मंदावते, तर धक्का लागून हलणाऱ्या वस्तूला आम्ही फक्त थांबताना हळू करतो. स्क्रीनच्या बाहेरनं आत येणारी वस्तू पण तशीच, ती बाहेरच वेगात आलेली असते ना. आणि स्क्रीनच्या तळाला सरकत जाणारी अक्षरांची पट्टी एकाच वेगात ठेवतो, नाहीतर वाचता येत नाही.

एक विनंती, बदल सांगताना ईझ-इन, ईझ-आऊट हे शब्द नको. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ईझ इन म्हणजे कीफ्रेमला (हालचालीच्या ठरवलेल्या टप्प्याला) पोचताना हळू, आणि वेबसाईटच्या कोडमध्ये ईझ-इन म्हणजे निघताना हळू, नेमकं उलटं, त्यामुळं घोळ होतोय. सरळ "निघताना हळू" नाहीतर "थांबताना हळू" म्हणा, आणि वस्तू हातात घेतली तर किती जड लागेल तेवढं सांगा, साडीची घडी की लोखंडी कपाट, बाकीचं आम्ही जमवतो.