डिमिनिशिंग रिटर्न्स

बाकी सगळं तेवढंच ठेवून एकच गोष्ट वाढवत गेलं की दर वेळी मिळणारी जास्तीची भर आधीपेक्षा कमी होत जाते, त्याला डिमिनिशिंग रिटर्न्स म्हणतात. मराठीत घटत्या फलाचा नियम. कमी होते ती भर, एकूण नाही, आणि लिहिणाऱ्यांकडून नेमकं हेच निसटते.

नागपूरच्या आसपास कापसाच्या वावरात हे चांगलं समजते. समजा एक एकर पराटी आहे, पाणी तेवढंच, बियाणं तेच, फक्त युरिया वाढवत नेला. पहिल्या पोत्याने 2 क्विंटल कापूस जास्त आला, दुसऱ्याने 1 अन् तिसऱ्याने जेमतेम 20 किलो. तिसऱ्या पोत्यानंतरही एकूण कापूस वाढलेलाच आहे नं, पोत्याचे पैसे निघाले का तो वेगळा हिशोब. चौथं पोतं टाकल्यावर पराटी नुसती पाल्यावर गेली, मावा-तुडतुडे वाढले, बोंडं कमी लागली आणि कापूस खरंच घटला तर ते निगेटिव्ह रिटर्न्स. लोक 'पॉइंट ऑफ डिमिनिशिंग रिटर्न्स' या चौथ्या पोत्यासाठी वापरतात, पण तो पॉइंट दुसऱ्या पोत्यालाच येऊन गेला असते.

कल्पना निघाली तीच शेतीतून. फ्रान्सच्या तुर्गो या अर्थतज्ज्ञाने 18व्या शतकात ती मांडली, मग 1815 मध्ये इंग्लंडात धान्याच्या आयातीवरून वाद सुरू असताना माल्थस, वेस्ट आणि रिकार्डो या अर्थतज्ज्ञांनी जमिनीच्या खंडाचा, म्हणजे भाड्याचा, विचार तिच्यावरच उभा केला.

जुना कूलर मे महिन्यात पहिल्यासारखी गार हवा देत नाही, तर तिथे हा शब्द लिहू नये, कारण तिथे काही वाढवलंच नाही, पंप थकला अन् गवत चोंदलं, ती झीज आहे. संत्र्याच्या बागेत जमीन, झाडं, पाणी, मजूर सगळंच दुप्पट केलं आणि फळ दुपटीपेक्षा कमी आलं तर ते डिक्रीजिंग रिटर्न्स टू स्केल. तर्री पोह्याची दुसरी प्लेट पहिलीइतकी गोड लागत नाही ती घटती सीमांत उपयोगिता, बारावीच्या अर्थशास्त्रात असते ती.

शब्द 'रिटर्न्स' असाच, अनेकवचनी. वाक्यात काय वाढवलं, काय तेवढंच ठेवलं आणि कशाची भर घटली हे तिन्ही यायला पाहिजे, जसं 'दुकान तेवढंच, काउंटर एकच, म्हणून तिसऱ्या पोराला कामावर घेतल्यावर डिमिनिशिंग रिटर्न्स सुरू झाले, विक्री वाढली पण दुसऱ्या पोराच्या वेळी वाढली तेवढी नाही.'