उलाळ गाडी आणि कसाऱ्याचा उतार

माझे आजोबा निफाडकडून बैलगाडीनं लासलगावच्या बाजारात कांदा न्यायचे. गोण्या भरून झाल्या की ते पुढे येत, जुवाखाली हात घालून ते जरा उचलून बघत. जू हलकं लागलं तर मागच्या दोन-तीन गोण्या पुढे घ्यायला लावत. ‘उलाळ झालीय’ एवढंच म्हणत. उलाळ म्हणजे मागे जड, पुढे हलकी. अशा गाडीचं जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याखालची जोती ताणली जातात आणि चढावर जनावर गुदमरतं. जू फार जड लागलं तर गोण्या मागे सरकायच्या, कारण मग सगळा भार बैलांच्या खांद्यावर यायचा.

गेल्या वर्षी भाच्यानं फोन केला तेव्हा आजोबांचा तो हात आठवला. नाशिकरोडला एका बंगल्यात बरीच वर्षं उभी असलेली जुनी, जड सेडान त्यानं घेतली होती. ती ठाण्याला पत्र्याच्या आणि रंगाच्या कामासाठी न्यायची होती. ट्रेलर मिळत होता, स्वतःची मध्यम आकाराची डिझेल एसयूव्ही होती. ‘मामा, ओढेल ना माझी गाडी?’

ओढेल. आजच्या डिझेल इंजिनाला सपाटीवर हे ओझं ओढणं अवघड नाही. आपण सगळे हाच प्रश्न आधी विचारतो, आणि मला काळजी वाटते ती याचीच. इंजिन कमी पडलं तर गाडी फक्त हळू चालते. माणसं जिवाला मुकतात ती दुसऱ्या दोन कारणांनी: ओझं चुकीच्या जागी ठेवलेलं असतं, किंवा ते थांबवता येत नाही.

आधी वजनं बघू. सेडान १,६०० किलो, लोखंडी ट्रेलर ८०० किलो, मिळून २,४०० किलो. ओढणारी एसयूव्ही साधारण २,००० किलोची. म्हणजे ओढलं जाणारं ओझं ओढणाऱ्यापेक्षा जड. अमेरिकेत अशा मध्यम एसयूव्हींची ओढण्याची मर्यादा पुष्कळदा ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो असते. तिथे हा आकडा ठरवण्यासाठी ‘एसएई जे२८०७’ नावाचं प्रमाण आहे. त्यातल्या एका चाचणीत ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या सुमारे १८ किलोमीटरच्या चढावर, ३८ अंश तापमानात, एसी पूर्ण चालू ठेवून ट्रेलर ओढायचा आणि ठरलेल्या वेगाखाली यायचं नाही. मे महिन्यातला कसारा घाट डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चाचणी एवढी कडक का, ते कळेल. भाच्याच्या गाडीच्या पुस्तिकेत ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी २,३०० किलो आणि हुकावर खाली दाबणाऱ्या भारासाठी २३० किलो असे दोन आकडे होते. पहिला सगळे वाचतात. दुसरा म्हणजे आजोबांचं जू.

ट्रेलरची दांडी एसयूव्हीच्या मागच्या हुकाला जिथे बसते, तिथे तिनं ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार खाली टाकावा, असं अमेरिकेत मानतात. आपल्या उदाहरणात १० टक्के म्हणजे २४० किलो. ट्रेलरच्या चाकांपासून हुकापर्यंत ४ मीटर अंतर धरलं, तर ट्रेलर आणि कार यांचा मिळून गुरुत्वमध्य चाकांच्या ४० सेंटिमीटर पुढे असायला हवा. आता कार वीतभर, २० सेंटिमीटर, मागे सरकवा. हुकावरचा भार ८० किलोनं उतरतो. ६० सेंटिमीटर सरकवली तर शून्य. एवढ्या जड गाडीचं सगळं गणित तीन वितींत उलटतं! त्याच्याही मागे गेली की दांडी हुकाला वर उचलू लागते, एसयूव्हीच्या मागच्या चाकांची पकड सुटायला लागते. उलाळ.

उलाळ ट्रेलर हळू चालवताना काहीच सांगत नाही, आणि हीच त्याची वाईट खोड. वेग वाढला, शेजारून एखादा कंटेनर गेला, वाऱ्याचा झोत बसला की ट्रेलर किंचित एका बाजूला झुलतो. त्याचे टायर त्याला परत ओळीत आणतात, पण तो ओळ ओलांडून दुसरीकडे जातो. वेग कमी असताना प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लहान होत विरतो. वेगाची एक हद्द ओलांडली की उलटं घडतं: प्रत्येक झोका गाडीच्या पुढे जाण्यातूनच ऊर्जा घेतो आणि मोठा होतो. हुक एसयूव्हीच्या मागच्या चाकांच्याही मागे असल्यानं ट्रेलरची बाजूची ओढ तिचं शेपूटच फिरवते. तीन-चार झोक्यांत दोन्ही गाड्या आडव्या होतात. वजन जितकं मागे, आणि ट्रेलरच्या दोन टोकांना जितकं विखुरलेलं, तितकी ही हद्द खाली येते.

समृद्धीचा इगतपुरीजवळचा ७.८ किलोमीटरचा बोगदा २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईकडे जाताना घाट टाळता येतो. पण तो सरळ, रुंद रस्ता पाय दाबायला लावतो, आणि ट्रेलरला तेच सोसत नाही. ब्रिटनमध्ये ट्रेलर जोडलेल्या कारला मोटारवेवरही ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरचीच मर्यादा आहे. ट्रेलर झुलायला लागलाच, तर एसयूव्हीचा ब्रेक दाबू नका आणि वेग वाढवून ‘ताणून’ घेण्याचाही प्रयत्न करू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. ट्रेलरला वेगळा ब्रेक असेल तर फक्त तो लावा. त्यानं मागून ओढ बसते आणि जोडी ताठ होते.

भार जास्त झाला तरी पंचाईत असते. हुक मागच्या चाकांपासून १.१ मीटर मागे आणि पुढच्या व मागच्या चाकांमधलं अंतर २.७५ मीटर असेल, तर हुकावरचे २४० किलो तरफेसारखे पुढची चाकं ९६ किलोनं हलकी करतात, आणि मागच्या चाकांवर ३३६ किलो वाढतात. स्टिअरिंग पुढच्या चाकांवर, ब्रेकचं निम्म्याहून जास्त काम पुढच्या चाकांचं, आणि नेमकी तीच उचलली जातात.

आता घाट. आपल्या भागातल्या रेल्वेनं हा धडा फार आधी गिरवलाय. १८६५ मध्ये सुरू झालेल्या थळ घाटाच्या मार्गावर चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर गेलं की १ मीटर वर, इतका तीव्र आहे, म्हणून कसाऱ्याला गाड्यांच्या मागे बँकर इंजिनं लावून त्या इगतपुरीपर्यंत ढकलतात. लोक खिडकीतून ते इंजिन बघतात आणि चढाचंच बोलतात. मला भीती उताराची.

एसयूव्ही आणि ट्रेलर मिळून ४,४०० किलो. घाटात ३०० मीटर खाली उतरायचं धरा. एवढ्या उंचीची सुमारे १३ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. ती सगळी ब्रेकमध्ये गेली तर तेवढ्या उष्णतेत ४० लिटर पाणी, दोन मोठे हंडे, २५ अंशांवरून उकळी फुटेपर्यंत तापेल. दुसऱ्या शब्दांत, ताशी ६० किलोमीटरवरून एकवीस वेळा पूर्ण थांबायचं, तेही मध्ये थंड व्हायला उसंत न देता. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, ओल शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल तळाला टेकतं आणि गाडी चालतच राहते.

म्हणून उतरायला लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनाला गाडी रोखू द्यायची. न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचवणारे मी पाहिलेत. ट्रेलर मागे असताना हे कुणीही करू नये, अगदी हात जोडून सांगतो. आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. युरोपात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला ते सक्तीचे आहेत. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही मोटार वाहनच आहे, त्यामुळे नोंदणी आणि विमा यांची विचारपूस आधी करावी.

ओझं २,४०० किलो, पुस्तिकेतली मर्यादा २,३००; भाच्याचा हिशेब १०० किलोनं हुकत होता. त्यानं तोडगा काढला: कारचं इंजिन आणि गिअरबॉक्स तसंही काढायचंच होतं, ते नाशिकमध्येच काढून टेम्पोनं पाठवू. २५० किलो कमी, ट्रेलरसकट २,१५०. मला आवडलं, पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती. कारच्या पुढच्या चाकांवर ८८० आणि मागच्या चाकांवर ७२० किलो होते. इंजिन निघाल्यावर पुढे ६३० उरले. कार हलकी झाली आणि तिचा गुरुत्वमध्य सुमारे २३ सेंटिमीटर मागे गेला. नेहमीसारखी, तोंड पुढे करून, त्याच खुणेवर चढवली असती तर हलक्या कारनं ट्रेलर उलाळीकडे झुकवला असता.

मग आम्ही ती उलटी चढवली, डिकी पुढे. भार मोजायला घरचाच वजनकाटा वापरला. तीन फुटांवर दोन टेकू, एका टोकाला वीट, दुसऱ्या टोकाला काटा, वर जाड फळी. ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना दगड लावून, दांडी विटेपासून एक फुटावर टेकवली. अशा वेळी काट्यावर एक तृतीयांश भार येतो. पहिल्यांदा काटा ५२ वर थांबला, म्हणजे १५६ किलो. कार वीतभर पुढे घेतली, पट्टे पुन्हा आवळले.

दुसऱ्यांदा काटा ७४ वर थांबला. तिनानं गुणलं: २२२. भाच्यानं चाकांपाशी ट्रेलरच्या पत्र्यावर खडूनं रेघ मारली आणि आम्ही पट्टे शेवटचे तपासायला घेतले.