अभियांत्रिकी कामासाठी मातीचे वर्गीकरण : नमुन्याची पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

पाया, भराव, धरणाचा बांध किंवा रस्त्याचा थर यांसाठी मातीचा गट प्रयोगशाळेकडून ठरवून घ्यायचा असेल, तर नमुना कसा असावा, त्यासोबत काय द्यावे आणि पुढे त्याचे काय होते, याची माहिती येथे दिली आहे. ती युनिफाइड पद्धतीला, म्हणजे एएसटीएम डी 2487 या अमेरिकी मानकाला धरून आहे. आयएस 1498 हे भारतीय मानक याच पद्धतीवर बेतलेले असले, तरी त्यात लिक्विड लिमिटच्या (माती पातळ होऊन वाहू लागते त्या ओलाव्याच्या टक्केवारीच्या) 35 आणि 50 अशा दोन सीमा असल्यामुळे बारीक मातीचे दोनाऐवजी तीन वर्ग पडतात. त्यामुळे वर्गीकरण कोणत्या मानकानुसार हवे, हे अर्जातच स्पष्ट लिहावे.

नमुन्याची पात्रता

वर्गीकरण 75 मिलिमीटरच्या चाळणीतून जाणाऱ्या मातीचेच होते. त्याहून मोठे गोटे बाजूला काढून त्यांचे प्रमाण स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. मूळ रचना मोडलेला नमुना चालतो, कारण चाचणीसाठी माती फोडायचीच असते. किती माती लागेल हे सर्वांत मोठ्या कणावर ठरते : 4.75 मिलिमीटरपर्यंतचे कण असतील तर कोरड्या वजनाने किमान 100 ग्रॅम, 19 मिलिमीटरपर्यंत 1 किलो, 38.1 मिलिमीटरपर्यंत 8 किलो आणि 75 मिलिमीटरपर्यंत तब्बल 60 किलो. खडेमिश्रित मातीची लहानशी पिशवी भरून पाठवली, तर चाचणी होईलही, पण दोन-चार मोठे खडे कमी-जास्त झाले तरी टक्केवारी बदलेल आणि त्या आकड्यांवर विसंबता येणार नाही.

दोन थरांची माती एकाच पिशवीत भरू नये. अशा मिश्रणाला प्रयोगशाळा एक गट देईल, पण त्या गटाची माती जागेवर कुठल्याच खोलीला सापडणार नाही. तसेच नमुना पाठवण्यापूर्वी भट्टीत वाळवू नये. त्याचे कारण पुढे येईलच.

सोबतची कागदपत्रे

अर्जात कामाचे नाव, मातीचा नियोजित उपयोग आणि हव्या असलेल्या चाचण्या लिहाव्यात. प्रत्येक पिशवीला बोअरचा किंवा खड्ड्याचा क्रमांक, खोली आणि नमुना घेतल्याची तारीख असलेली चिठ्ठी लावावी. खोली नुसती ‘3 मीटर’ न लिहिता ‘3.0 ते 3.5 मीटर’ अशी लिहावी. ओल्या मातीने चिठ्ठीवरची शाई फुटते, म्हणून एक चिठ्ठी पिशवीबाहेर आणि दुसरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत ठेवणे बरे. बोअर लॉगची, म्हणजे बोअरमध्ये खोलीनुसार लागलेल्या थरांच्या नोंदीची, प्रत आणि जागेवर नोंदवलेले रंग, वास व ओलावा यांचे वर्णन जोडावे. वासाची नोंद अनेकजण अनावश्यक समजतात, पण सेंद्रिय मातीचा पहिला सुगावा बहुधा तिथेच लागतो.

प्रयोगशाळेतील प्रक्रिया

प्रथम माती 75 मायक्रॉनच्या चाळणीवर धुतली जाते. नुसते कोरडे चाळले तर चिकणमाती वाळूच्या कणांना चिकटून वरच राहते आणि बारीक भाग प्रत्यक्षाहून कमी दिसतो. निम्म्याहून अधिक माती चाळणीवर राहिली तर ती भरड, अन्यथा बारीक. भरड भागापैकी निम्म्याहून अधिक कण 4.75 मिलिमीटरच्या चाळणीवर राहिले तर ती रेव, नाहीतर वाळू. त्यात बारीक माती 5 टक्क्यांहून कमी असेल तर कणांची प्रतवारी, म्हणजे लहान-मोठ्या कणांचे मिश्रण कसे आहे ते, पाहून गट ठरतो, 12 टक्क्यांहून अधिक असेल तर त्या बारीक मातीचा स्वभाव पाहून, आणि दरम्यान असेल तर एसडब्ल्यू-एसएम (चांगल्या प्रतवारीची, पोयटा मिसळलेली वाळू) असे जोडचिन्ह मिळते.

बारीक मातीत मात्र कणांचा आकार निर्णायक राहत नाही. ती पोयटा आहे की चिकणमाती, हे पाण्यासोबत ती कशी वागते यावरून ठरते. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली माती कॅसाग्रांदेच्या वाटीत पसरून मधोमध चर पाडतात आणि वाटी 10 मिलिमीटर उंचीवरून आपटत राहतात. 25 आपटींत चर 13 मिलिमीटर लांबीवर मिटेल इतका ओलावा म्हणजे लिक्विड लिमिट. तीच माती हाताने वळत नेल्यावर साधारण 3 मिलिमीटर जाडीला तिची वळी तुटू लागते, तो ओलावा म्हणजे प्लास्टिक लिमिट. दोहोंतील फरक म्हणजे प्लास्टिसिटी इंडेक्स.

समजा, लिक्विड लिमिट 42 आणि इंडेक्स 18 आला. 42 मधून 20 वजा करून 0.73 ने गुणले की ए-रेषेची, म्हणजे आलेखावर चिकणमाती आणि पोयटा वेगळे करणाऱ्या रेषेची, उंची सुमारे 16 येते. 18 हा आकडा तिच्या वर असल्यामुळे ही चिकणमाती, आणि लिक्विड लिमिट 50 हून कमी म्हणून चिन्ह सीएल. इंडेक्स 14 असता तर हीच माती रेषेखाली जाऊन एमएल, म्हणजे पोयटा ठरली असती. रेषेजवळच्या मातीत वळी वळणाऱ्या हाताचा फरकही गट पालटू शकतो, म्हणून अशा वेळी चाचणी पुन्हा मागावी.

सेंद्रिय पदार्थांचा संशय असल्यास लिक्विड लिमिट दोनदा काढतात, एकदा न वाळवता आणि एकदा भट्टीत वाळवून. दुसरा आकडा पहिल्याच्या 75 टक्क्यांहून कमी आला तर माती सेंद्रिय ठरते. नमुना आधीच भट्टीत वाळवलेला असेल तर ही तुलना करताच येत नाही.

अहवाल हाती आल्यावर

अहवालात चिन्हासोबत गटाचे पूर्ण नाव, रेव, वाळू व बारीक मातीची टक्केवारी आणि दोन्ही लिमिट असणे आवश्यक आहे. नुसते ‘सीएल’ लिहिलेला अहवाल परत करावा. एकाच चिन्हाची माती जागेवर घट्टही असू शकते आणि भुसभुशीतही, त्यामुळे भारक्षमतेसाठी न मोडलेल्या नमुन्यांच्या किंवा जागेवरच्या चाचण्यांचा अर्ज वेगळा करावा लागतो.